तालुक्याच्या वाचनालयात लेखकाला बोलावताना : पहिल्यांदाच कार्यक्रम करणाऱ्यांसाठी

नवीन कार्यकारी मंडळ आलं, कामांची वाटणी झाली आणि ‘साहित्यिक उपक्रम’ तुमच्या गळ्यात पडले. किंवा तुम्ही ग्रंथपाल म्हणून नुकतेच रुजू झालात आणि अध्यक्षांनी जाता जाता सांगितलं, “यंदा एखादा चांगला लेखक बोलवा बरं का.” हा लेख तुमच्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या किंवा छोट्या शहराच्या सार्वजनिक वाचनालयात काम करताना मी जे पाहिलं आणि केलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. लेखक गावात येण्याआधी त्याचं पुस्तक गावात फिरलेलं असलं पाहिजे. तसं झालं नाही, तर कार्यक्रम कितीही देखणा झाला तरी तो सत्कार समारंभच होतो. समोरचे लोक शाल बघतात, टाळ्या वाजवतात, चहा पिऊन घरी जातात. पुस्तक कपाटात होतं तिथेच राहतं.

१. आधी घरचं : ठराव, पैसे आणि जबाबदारी

आपली बहुतेक वाचनालयं सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असतात. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ नुसार मान्यता घेऊन अ, ब, क किंवा ड वर्गात अनुदान घेत असतात. म्हणजे हिशेब दोनतीन ठिकाणी दाखवावा लागतो. तेव्हा लेखकाला फोन करण्याच्या आधी मंडळाच्या सभेत ठराव घ्या. फार मोठा मजकूर लागत नाही :

“वाचकांसाठी लेखक-भेटीचा कार्यक्रम घेण्यात यावा. त्यासाठी रुपये ……पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. लेखकाशी पत्रव्यवहार करण्याचे, खर्च करण्याचे व हिशेब सादर करण्याचे अधिकार श्री./श्रीमती …… यांना देण्यात येत आहेत.”

सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ आणि इतिवृत्तात नोंद, एवढं झालं की पुरे. शेवटचं वाक्य वगळू नका. त्यात एकाच माणसाचं नाव हवं. ‘समिती’ असं लिहिलं की मंडपवाल्याला फोन कोणी करायचा यावर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चर्चा सुरू होते.

पैशाबाबत दोन सापळे आहेत. पहिला अनुदानाचा. ‘अनुदान आलंय, त्यातून करू’ असं कोणी म्हणालं, तर त्या खर्चाला कोणतं शीर्ष, म्हणजे हिशेबातलं कोणतं सदर, लागेल हे तुमच्या लेखापरीक्षकाला विचारा, आणि शंका उरली तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला. आधी खर्च आणि मग शीर्ष शोधणं, यात तपासणीच्या वेळी घाम फुटतो. दुसरा सापळा प्रायोजकाचा. गावातला एखादा व्यापारी किंवा पतसंस्था खर्च उचलायला आनंदाने तयार होते. देणगीची रीतसर पावती फाडा, फलकावर नाव टाका, प्रास्ताविकात उल्लेख करा. मात्र माइकवर बोलायला मिळणार नाही हे पैसे घेण्याआधीच सांगून टाका. नंतर सांगायला जीभ रेटत नाही.

२. कोणाला बोलवायचं हे देवघेवीच्या टेबलावर कळतं

मंडळाच्या सभेत ‘कोणाला बोलवू या’ असं विचारलं की दोनच प्रकारची नावं येतात. टीव्हीवर दिसणारी आणि कोणाच्या तरी ओळखीतली. दोन्ही जरा बाजूला ठेवा. गेल्या वर्षाची देवघेव नोंद काढा आणि देवघेव विभागातल्या माणसासोबत अर्धा तास बसा. कोणत्या पुस्तकाची बांधणी पुन्हा करावी लागली? कोणत्या पुस्तकासाठी ‘आलं की मला सांगा’ म्हणून लोक चिठ्ठ्या ठेवून जातात? दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात येताना नोंदवहीत मिळालेला क्रमांक) जुना असूनही कोणतं पुस्तक कायम बाहेरच असतं? या यादीतले जे लेखक आज लिहिते आहेत, ती तुमची पहिली यादी.

ही यादी अनेकदा अनपेक्षित निघते. कथा-कादंबऱ्या असतातच, पण शेतीवरचं एखादं पुस्तक, एखादा प्रवास, एखादा अनुवाद, आजारपणावरचं आत्मकथन असंही त्यात सापडतं. अनुवादकाला कोणी बोलवतच नाही. खरं तर अनुवादक फार मजेदार बोलतात, कारण त्यांनी पुस्तक ओळ न् ओळ चाळलेलं असतं. लहान मुलांच्या पुस्तकांचे चित्रकारही असेच राहून जातात. बालविभागात चित्रकार आला आणि फळ्यावर चित्र काढता काढता गोष्ट सांगू लागला, की मुलं जागची हलत नाहीत. आणि आपल्याच तालुक्यात बसून स्थानिक इतिहासावर, बोलीवर, झाडापाखरांवर लिहिणारी माणसं विसरू नका. त्यांना प्रवासखर्च लागत नाही, श्रोते ओळखीचे असतात आणि प्रश्न तर असे येतात, की बाहेरच्या लेखकाला कधीच येणार नाहीत.

कार्यक्रमाचा प्रकारही इथेच ठरवा. आपल्याकडे व्याख्यानाची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पण व्याख्यान देणं हे वेगळं कसब आहे. उत्तम लिहिणारा माणूस तासभर उभा राहून बोलू शकेलच असं नाही. पहिल्यांदा करत असाल तर प्रकट मुलाखत घ्या असं मी सांगेन. बोलका लेखक तिच्यात खुलतो आणि अबोल लेखक तरून जातो. कथाकथन आणि अभिवाचन चांगलंच, मात्र लेखक स्वतः चांगलं वाचतो याची कोणाकडून तरी खात्री करून घ्या.

३. तारीख

ग्रंथालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे दिवस ठरलेले आहेत : १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. पत्रात आणि वार्षिक अहवालात हे दिवस छान दिसतात. पण त्याच दिवशी लेखक हवा असा हट्ट धरू नका. २७ फेब्रुवारीला प्रत्येक शाळा, महाविद्यालय आणि कार्यालयाला कवी हवा असतो. एक आठवडा मागेपुढे सरका, हव्या त्या लेखकाची तारीख मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

तारखेला पेन्सिलने खूण करण्याआधी हे तपासा : आठवडी बाजाराचा वार, दहावी-बारावीच्या परीक्षा, दाट लग्नतिथी, पेरणीचे दिवस, गावची जत्रा, गणपती-नवरात्र. आणि निवडणूक. आचारसंहिता लागू असेल, सभागृह नगरपरिषदेचं असेल किंवा व्यासपीठावर पदाधिकारी बसणार असतील, तर तहसील कार्यालयात आधी विचारून या. तारीख ठरल्यावर आचारसंहिता लागली तर काय, हेही मनात असू द्या. पाहुण्यांच्या यादीतून राजकीय नावं कमी केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. खरं म्हणजे एरवीही सुटतो.

वेळ ठरवताना आपले सभासद कोण आहेत ते पाहा. घरच्या बायका मोठ्या संख्येने सभासद असतील तर दुपारी साडेतीन-चारची वेळ चालते, संध्याकाळी सातची अजिबात नाही. आसपासच्या गावांतून वाचक येत असतील तर शेवटची एसटी किती वाजता सुटते ते पाहून समारोप ठरवा.

४. लेखकाशी बोलणी

आधी छोटा संदेश पाठवून ‘कधी बोलू शकतो’ विचारा, मग फोन करा, आणि फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी लेखी पाठवा. पत्र असं असलं तरी चालतं :

“स. न. वि. वि. आमच्या वाचनालयात आपले ‘……’ हे पुस्तक सभासद आवर्जून मागतात. त्या पुस्तकावर वाचकांशी गप्पा व्हाव्यात अशी इच्छा आहे. दि. …… रोजी सायंकाळी ५.३० ते ७.१५. स्वरूप : ५० मिनिटे प्रकट मुलाखत, २५ मिनिटे वाचकांचे प्रश्न. श्रोते सुमारे ……, त्यांतील बरेच जण पुस्तक वाचून येतील. मानधन रुपये ……, प्रवासखर्च व निवास संस्थेकडून. कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण करावे की नाही, ते आपण कळवावे. कळावे, लोभ असावा.”

मानधनाचा आकडा पत्रात लिहायला लोक संकोचतात. ‘ते आपण बघून घेऊ’, ‘फुल ना फुलाची पाकळी’ अशी भाषा सुरू होते आणि लेखकाला काहीच कळत नाही. आकडा लहान असेल तर लहान लिहा. मानधन देणं शक्यच नसेल तर तेही स्पष्ट लिहा; कित्येक लेखक तरीही येतात, फक्त त्यांना आधी माहीत असावं लागतं. ‘तुमच्या पुस्तकाची जाहिरात होईल’ हे वाक्य मात्र कृपा करून लिहू नका.

लेखकाकडून मागून ठेवायच्या गोष्टी : शंभर शब्दांचा परिचय त्यांच्याच शब्दांत, एक फोटो, बँक तपशील आणि पॅन, मुद्रणाबाबत लेखी होकार वा नकार, जेवणाचं पथ्य आणि पोचण्याची वेळ. परिचय आंतरजालावरून उचलू नका. त्यात चुका असतात, आणि त्या चुका लेखकाच्या तोंडावर माइकवरून वाचल्या जातात.

एक सावधगिरी : लेखक आलाच आहे तर सकाळी शाळेत, दुपारी महाविद्यालयात आणि मग आपल्याकडे, असा कार्यक्रम परस्पर आखू नका. विचारून आखलात तर हरकत नाही. पण संध्याकाळी साडेपाचला तुमच्यासमोर दमलेला माणूस बसलेला असेल, हे लक्षात घ्या.

५. पुस्तक आधी पोचवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निदान सहा आठवडे हातात हवेत.

पहिल्या आठवड्यात त्या लेखकाच्या मुख्य पुस्तकाच्या चारपाच प्रती आणा. ग्रंथखरेदीत बसत असतील तर उत्तम, नाहीतर एखाद्या सभासदाला ‘तुमच्या नावाने एक प्रत भेट द्या’ म्हणून विचारा, लोक देतात. या प्रतींना नेहमीची मुदत लावू नका. सात दिवसांत परत, असा लाल शिक्का मारा. लेखकाची बाकीची पुस्तकं कपाटातून काढून देवघेवीच्या टेबलाजवळ उभी मांडा. कणा नाही, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे.

प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानाशी एक कोरी चिठ्ठी ठेवा. वर छापायचं : “लेखक आपल्याकडे येत आहेत. तुम्ही त्यांना काय विचाराल? चिठ्ठी पुस्तकातच ठेवून परत करा. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही.” या चिठ्ठ्या म्हणजे कार्यक्रमाचा कणा. माइक हातात घेऊन उभं राहायला जे कधीच धजणार नाहीत, ते इथे पेन्सिलीने असं काही लिहितात, की मुलाखत घेणारा थांबून विचार करतो. ‘त्या प्रकरणात आई दार उघडत नाही. तुम्ही उघडू दिलं नाही की तिला उघडायचंच नव्हतं?’ अशी एक चिठ्ठी हातात पडली की पुढच्या दहा मिनिटांची चिंता नाही.

मधल्या आठवड्यांत वाचनालयातच एक संध्याकाळ ठेवा : आठदहा वाचक, गोल बसून, पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि त्यावर बोलायचं. माइक नको, फलक नको. प्रकाशित पुस्तकातला माफक उतारा जाहीरपणे वाचून दाखवायला स्वामित्वहक्क कायदा १९५७ परवानगी देतो. अख्खं पुस्तक किंवा पूर्ण नाटक सादर करायचं असेल, तर मात्र लेखकाला किंवा प्रकाशकाला विचारा.

आता खरा सापळा. तुमच्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी अत्यंत सद्भावनेने त्या पुस्तकाची पीडीएफ टाकणार. ‘सर्वांना वाचता यावं म्हणून’ असंही लिहिणार. ती लगेच काढायला सांगा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालू राहतो. शिवाय ज्याचं पुस्तक आपण फुकट वाटलं त्यालाच व्यासपीठावर बसवायचं, ही गंमत वाचनालयाला शोभत नाही. संपूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्सचंही तेच.

मुलाखत कोण घेणार हेही याच काळात ठरवा. गावातला नामांकित वक्ता नको. पुस्तक दोनदा वाचणारा शिक्षक, बँकेतला कर्मचारी, महाविद्यालयातली मुलगी, कोणीही चालेल. दहाबारा प्रश्न लिहून काढा, त्यात चिठ्ठ्यांमधले निम्मे घ्या. ‘आपण लेखनाकडे कसे वळलात?’ हा प्रश्न पहिला ठेवू नका. लेखकाने त्याचं उत्तर इतक्यांदा दिलेलं असतं, की ते पाठ झालेलं असतं. पुस्तकातल्या एखाद्या नेमक्या जागेपासून सुरुवात करा, पान क्रमांकासकट. समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो.

६. जागा, आवाज, परवानगी

वाचनालयाचा वाचनकक्ष सगळ्यात बरा. लोकांना पुस्तकांच्या मध्ये बसायला मिळतं. मोठ्या सभागृहात शंभर माणसंही हरवून जातात. खुर्च्या अपेक्षेपेक्षा थोड्या कमी मांडा आणि उरलेल्या भिंतीशी रचून ठेवा. माणसं वाढली की मांडता येतात. रिकामी पहिली रांग मात्र लेखकाला शेवटपर्यंत दिसत राहते. कक्ष पहिल्या मजल्यावर असेल तर ज्येष्ठ सभासदांचा विचार करा. जिना चढवत नाही म्हणून न येणारे आपले सगळ्यात नियमित वाचक असतात.

कार्यक्रम अंगणात किंवा रस्त्याकडेला घेणार असाल तर ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी काढा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. आपली वाचनालयं बऱ्याचदा शाळेला लागूनच असतात, तेव्हा हे आधी बघा. अर्जासोबत संस्थेचं पत्र, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, तारीख-वेळ-ठिकाण आणि जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर लागतो. अर्ज आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या.

आवाजासाठी लेखकाला एक, मुलाखतकाराला एक आणि श्रोत्यांत फिरवायला एक असे तीन माइक हवेत. दोनच मिळाले तर श्रोत्यांचा माइक काढू नका, मुलाखतकाराला लांब वायरचा द्या, म्हणजे तोच श्रोत्यांपर्यंत नेता येतो. कॉर्डलेसचे सेल नवीन घाला. माइक तपासताना पंखे चालू ठेवून तपासा; जुन्या पंख्यांच्या घरघरीत शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही हे ऐन वेळी कळतं. वीज गेली तर अँप्लिफायर इन्व्हर्टरवर चालतो का, हेही मेन स्विच बंद करून एकदा पाहा.

७. निमंत्रण

फ्लेक्सवर तीन गोष्टी मोठ्या असाव्यात : लेखकाचं नाव, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दिवस-वेळ-जागा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, कोषाध्यक्ष आणि समस्त संचालक मंडळाची नावं घालायचा आग्रह होईल. निमंत्रण पत्रिकेच्या मागच्या बाजूला घाला, सगळे खूश.

पण माणसं फ्लेक्स बघून येत नाहीत, फोन केला की येतात. गेल्या सहा आठवड्यांत ज्यांनी ते पुस्तक नेलं त्यांची नावं देवघेवीत आहेतच. ती यादी तीन जणांत वाटा आणि प्रत्येकाला फोन करा : “तुम्ही वाचलंय ना, मग पुढे बसा.” स्थानिक वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना चार ओळींची तयार बातमी द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र द्या, पण ‘मुलं पाठवा’ असं लिहू नका. रांगेने आणून बसवलेली आठवीची दोनशे मुलं आणि ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही असा लेखक, हा दोघांवरही अन्याय आहे. पुस्तक वाचलेली पाच मुलं मागा.

८. कार्यक्रमाचा दिवस

मिनिटांचा कागद करा आणि सूत्रसंचालक, मुलाखतकार, अध्यक्ष आणि माइकवाला यांच्या हातात द्या.

५.३० : सुरुवात. स्वागत आणि पुस्तक देऊन सत्कार, ५ मिनिटं
५.३५ : प्रास्ताविक, ५ मिनिटं
५.४० : लेखकाचा परिचय, ३ मिनिटं
५.४३ : लेखक पुस्तकातलं दीड-दोन पानं वाचतात, ७ मिनिटं
५.५० : मुलाखत, ५० मिनिटं
६.४० : वाचकांचे प्रश्न, २५ मिनिटं
७.०५ : अध्यक्षीय, ५ मिनिटं
७.१० : आभार, २ मिनिटं. नंतर स्वाक्षऱ्या आणि गप्पा

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन करायचं असेल तर लोक जमत असताना, सव्वापाचला उरका. सत्कार फक्त लेखकाचा. व्यासपीठावरच्या सगळ्यांना गुलाबपुष्प द्यायला घेतलं की एकेकाचं नाव, पद, देणाऱ्याचं नाव, फोटो यात वीस मिनिटं सहज जातात, आणि ती कापली जातात वाचकांच्या प्रश्नांतून. नेहमी तिथूनच.

प्रमुख पाहुणे म्हणून कोणी मोठी व्यक्ती लादली गेली असेल तर तिला पुस्तक प्रकाशन किंवा प्रदर्शनाचं उद्घाटन द्या, पाच वाजता, वेगळं. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला वेळेत निघता येतं आणि तुमचे साडेपाच सुरक्षित राहतात. वेळ झाली की सुरू करा, माणसं कमी असली तरी. दोनदा वेळेवर सुरू केलं की गाव वेळेवर येऊ लागतं.

प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ हमखास उभे राहतात आणि प्रश्नाऐवजी भाषण करतात. सूत्रसंचालकाने माइक स्वतःच्या हातात धरायचा, त्यांच्या हातात द्यायचा नाही. बाकी काही करावं लागत नाही. पहिले दोन प्रश्न चिठ्ठ्यांतले घ्या, तेवढ्यात बाकीच्यांची भीड चेपते.

पुस्तक विक्रीचं टेबल दाराजवळ लावा आणि ते गावातल्या पुस्तक विक्रेत्याकडे सोपवा. संस्थेने स्वतः विकायला घेतलं की न विकलेल्या प्रती, सुटे पैसे आणि प्रकाशकाचा हिशेब हे सगळं तुमच्या खतावणीत येऊन बसतं. विक्रेता नसेल तर प्रकाशकाकडून परतीच्या बोलीवर प्रती मागवा, प्रतींसोबत आलेलं चलन जपून ठेवा, आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड लावा.

९. लेखक नसतानाही

वर्षातून एकदा मोठा लेखक आणून बाकी अकरा महिने शांतता, यापेक्षा दर महिन्याला काहीतरी छोटं चांगलं. शनिवारी बालविभागात तासभर गोष्टी. दिवाळीनंतर दिवाळी अंकांवर गप्पा : प्रत्येकाने एका अंकातला एकच लेख आणायचा आणि तो का वाचावा ते सांगायचं. पहिला मराठी दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला, इतकी जुनी सवय आपल्याकडे आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. जुन्या फोटोंची संध्याकाळ : लोकांनी घरचे गावाचे जुने फोटो आणायचे, तिथेच स्कॅन करून मूळ फोटो परत द्यायचे, फोटोत कोण आहे आणि जागा कोणती ते विचारून लिहून घ्यायचं. याला खर्च जवळजवळ नाही आणि तुमच्या संदर्भ विभागात दुसरीकडे कुठेच नसलेला ऐवज जमा होतो.

अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना विसरू नका. स्पर्धा परीक्षेसाठी रोज आठ तास तुमच्या छताखाली बसतात आणि वाचनालयाच्या कार्यक्रमांना एकदाही येत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही. निवड झालेल्या एखाद्या माजी वाचकाला बोलवा. ते येतील, आणि मग खुर्च्या लावायला, माइक फिरवायलाही तेच हात मिळतील.

१०. पाहुणे गेल्यावर

आठवड्याच्या आत ही कामं संपवा. मानधन लेखकाच्या खात्यावर जमा करा आणि सही केलेली पावती घ्या. शक्य असेल तर कार्यक्रमाच्या दिवशीच. सगळी व्हाउचर, बिलं, ठरावाची प्रत, पोलीस परवानगी, निमंत्रण पत्रिका, उपस्थिती वही, दोनतीन फोटो आणि बातमीचं कात्रण एकाच फाइलमध्ये लावा. वार्षिक अहवालाला आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीला ही फाइल उपयोगी पडते. उद्या राज्य शासनाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कारासाठी प्रस्ताव करायचा ठरला तर उपक्रमांचे पुरावे शोधत बसावं लागत नाही.

ध्वनिचित्रमुद्रण केलं असेल तर ते यूट्यूबवर टाकण्याआधी लेखकाचा होकार पाहा. मुद्रण करायला हो म्हणणं आणि ते सगळ्यांसाठी टाकायला हो म्हणणं वेगळं. अप्रकाशित काही वाचलं असेल तर तेवढा भाग कापायला ते सांगू शकतात. लेखकाला आभाराचं पत्र पाठवाल तेव्हा सोबत उरलेल्या चिठ्ठ्या जोडा, ज्यांची उत्तरं वेळेअभावी राहिली त्या. काही लेखक उत्तरं लिहून पाठवतात. ती सूचना फलकावर लावा.

महिनाभराने देवघेव नोंद पुन्हा उघडा. त्या लेखकाची पुस्तकं किती गेली, आणि त्याला लागून दुसरी कोणती गेली, ते मंडळाच्या पुढच्या सभेत सांगा. पुढच्या वर्षीच्या खर्चाचा ठराव त्याच सभेत मांडा.